परक्याला पत्ते, घरच्याला शेरे

सांगली,
१९ जानेवारी १९९७

चि. उमास अनेक आशीर्वाद.

मोरावळा पोचला. अर्धी बरणी वाईला लेकीकडे, ओवीच्या सासरी पाठवली, उरलेला मी एकटा खातो आणि तुझ्या वहिनीला तो आंबलाय असं सांगतो.

आता मुद्द्याचं. आमच्या गल्लीतल्या एका वकिलाच्या ऑफिसावर वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटली. तीस वर्षांचे कागद होते, सगळ्याचा लगदा झाला. दारात उभा राहून रडला बिचारा. ते बघून घरी आलो आणि विचार केला. उद्या आपल्या 'गाठभेट'चं असं झालं तर? बावीस वर्षं हे वधूवर केंद्र चालवतोय, अकरा हजारांवर नावं आहेत. आमच्या मुकुलनं सगळं कॉम्प्युटरवर घातलं आणि लाकडी कप्प्यांतली कार्डं रद्दीत गेली. म्हणजे आज माझं अख्खं आयुष्य एका पत्र्याच्या डब्यात आहे. खाली मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या लोंबत्या वायरी बघितल्यास तर तू जिना चढणार नाहीस.

मुकुल पुण्यात याच कामात आहे. त्यानं योजना आखून दिलीय. नावं, पत्ते, शिक्षण, पत्रिका हे सगळं टेलिफोनच्या तारेवरून पुण्याच्या एका कंपनीकडे जाणार. तिच्या मोठ्या यंत्रात दहा गावच्या धंद्यांची माहिती भाड्यानं राहते. ती कुठल्या खोलीत, कुठल्या कपाटात आहे हे आपल्याला दिसत नाही आणि विचारायचंही नसतं.

पण शेरे मी तिथं पाठवणार नाही. गिऱ्हाइकाला दिसत नाही अशी एक जागा प्रत्येक नोंदीत असते, तिथं मी खरं काय ते लिहितो. कुणाचा साखरपुडा मोडला, कुणाच्या पाठीवर डाग आहे, कुणाचा बाप येरवड्याला होता. हे परक्याच्या घरी ठेवायचं नसतं. म्हणून आपलाच दुसरा कॉम्प्युटर घ्यायचा आणि तो तुझ्या मागच्या खोलीत, तुझ्या टायपिंग क्लासच्या टेबलावर ठेवायचा. शेरे तिथं राहतील, तेही नुसत्या क्रमांकापुढे, नाव नाही. चोर आला तरी त्याला आकडेच दिसतील. पुण्याचे पत्ते आणि साताऱ्याचे शेरे एकत्र जोडले तरच केंद्र उभं राहील, आणि ते जोडायचा पासवर्ड दोघांकडेच असेल, तुझ्याकडे आणि माझ्याकडे. परक्याला पत्ते, घरच्याला शेरे, असं मुकुलला म्हटलं तर तो हसला. तू हो म्हण.

तुझ्या मयूरीच्या लग्नाचं माझ्या डोक्यात आहेच. मंगळ नाही, शाळेत नोकरी आहे, नाकीडोळी नीटस. घोडं कुठं अडतं ते मलाही कळत नाही.

तुझा,
चिंतामणदादा

सातारा,
२७ जानेवारी १९९७

ती. चिंतामणदादास साष्टांग नमस्कार.

आण तुझा डबा. क्लास बंद होऊन दोन वर्षं झाली, टेबल रिकामंच आहे. कामाला येणाऱ्या सुलाबाईला सांगितलं की इथं आता सांगलीच्या केंद्राचं यंत्र येणार, तर म्हणाली, "आवं बाई, म्हंजी समद्या पोरींची लग्नं आपल्या खोलीत ठिवायची? मग आपल्या मयूताईचं कवा निगायचं त्यातनं?" तेच मी तुला विचारते.

दादा, मयूरी चैत्रात अठ्ठावीस पुरी करेल. तुझ्याकडून आजवर अकरा स्थळं आली. येतात, पोहे खातात, तिला गाणं म्हणायला लावतात, निघताना मुलाची आई माझा हात हातात घेते. आठ दिवसांत कळवतो म्हणतात आणि पुढं काही नाही. नकार आला असता तरी चाललं असतं. एकदा वाईच्या मुलाच्या वेळी मला वाटलं होतं की झालं, तो स्वतः तिच्याशी तासभर बोलला होता. पुढे तोच ओवीला मिळाला. ओवीचं भाग्य, मला आनंदच आहे. पण ओवीच्या लग्नाला येताना मयूरी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती, ते मी विसरले नाही.

मयूरीचे बाबा गेल्यावर तूच आमचा आधार. यंत्र सांभाळीन, तळहाताच्या फोडासारखं सांभाळीन. तू तेवढं एक बरं स्थळ बघ, याहून मला काही नको.

तुझी,
उमा

सांगली,
१६ मार्च १९९७

चि. उमास आशीर्वाद.

मुकुल यंत्र बसवून आला. म्हणाला, आत्या माझ्यापेक्षा भराभर बटणं दाबते. टायपिंगचे क्लास उगाच नाही चालवलेस!

आता कामाची पद्धत ऐक. दर शनिवारी एसटीच्या पार्सलनं फ्लॉप्या येतील. साताऱ्याच्या स्टँडवर कोंडीबा हमाल आहे, त्याला चहा पाजत जा म्हणजे तो त्या उन्हात ठेवणार नाही. फ्लॉपी घातलीस की काम संपलं असं नाही. मुकुलचं म्हणणं, उघडून बघितल्याशिवाय कॉपीला कॉपी म्हणायचं नाही. म्हणून दर वेळी कोणताही एक क्रमांक उघडून शेरा नीट दिसतो का ते वाचायचं. एप्रिलमध्ये एकदा रंगीत तालीम करू. सांगलीचं यंत्र जळलं असं समजायचं, तू पुण्याहून पत्ते मागवायचेस आणि जोडून दाखवायचेस.

वाचलेलं पोटात ठेवायचं, हे तुला सांगायला नको.

चिंतामणदादा

सातारा,
११ मे १९९७

ती. दादास नमस्कार.

तालीम झाली. पुण्याचे पत्ते आणि इथले शेरे बिनचूक जुळले, एकही क्रमांक चुकला नाही. मुकुलनं फोनवर शाबासकी दिली. दर शनिवारी एक क्रमांक उघडून बघते, तेही चालू आहे.

एक विचारायचं होतं. शेरे तू एकटाच लिहितोस का? आणि स्थळ विचारायला आलेल्या प्रत्येकाला ते वाचून दाखवतोस, की माणूस बघून?

मयूरी बरी आहे.

उमा

सांगली,
१८ मे १९९७

चि. उमास आशीर्वाद.

शेरा मी एकट्यानं लिहायचा, हा केंद्राचा पहिला नियम. आणि विचारणाऱ्यापासून काही लपवायचं नाही, हा दुसरा. आज मी झाकलं आणि उद्या लग्नानंतर उघडं पडलं, तर लोक मलाच जोड्यानं मारतील. सांगलीत माझ्या शब्दावर मुली दिल्या जातात त्या उगाच नाही. त्यात आपला-परका बघायचा नसतो. काळजावर दगड ठेवून खरं सांगावं लागतं. मुलीच्या आईला त्रास होतो, मान्य आहे. पण आईला काय सगळ्याच गोष्टींचा त्रास होतो.

तू अशा गोष्टींत डोकं घालू नकोस. फ्लॉप्या सांभाळ.

चिंतामणदादा

सातारा,
२९ ऑगस्ट १९९७

ती. दादास नमस्कार.

गौरी-गणपतीचं आमंत्रण मिळालं. मला जमणार नाही, गुडघे धरलेत. मयूरीला दोन दिवस पाठवते. तिला मामाकडे यायची हौस आहे, मी का मोडू?

फ्लॉप्या व्यवस्थित आहेत. काळजी नसावी.

उमा

सांगली,
२३ सप्टेंबर १९९७

चि. उमा,

ज्याची भीती होती तेच झालं. काल दुपारी जेवायला घरी आलो होतो. खालच्या दुकानात ठिणगी पडली आणि लाकडी जिन्यावरून आग सरळ वर गेली. मी पोचलो तेव्हा आमची पाटी जळत होती. कॉम्प्युटर, प्रिंटर, फोटोंचे अल्बम, काही राहिलं नाही. बंबवाल्यांनी पाणी मारलं, आगीतून वाचलं होतं ते त्या पाण्यात गेलं.

पण उमा, मी रडलो नाही. लोक हळहळत होते आणि मी मनात म्हणत होतो, माझी बहीण साताऱ्याला बसलीय. पुण्यात पत्ते आहेत, तिच्याकडे शेरे आहेत. आज मला त्या वकिलापेक्षा मी किती शहाणा आहे ते कळलं. मुकुलला रजा नाही, जोडणी तुलाच करायची आहे. सगळं जोडून फ्लॉप्या पाठव. दसऱ्याला नव्या जागेत केंद्र सुरू करतो. दसऱ्यानंतर लग्नाचा हंगाम, तो चुकला तर लोक दुसऱ्या केंद्रात जातील आणि मी या वयात संपलो. सगळं तुझ्या हातात आहे.

मयूरीबद्दलही बोलायचं आहे, पण सध्या पितृपंधरवडा चालू आहे. तो उलटला की बोलू.

तुझा,
दादा

सातारा,
३० सप्टेंबर १९९७

चिंतामण यास,

सोबत फ्लॉप्या आहेत. अकरा हजार दोनशे बारा नोंदी, पत्त्यांसह, शेऱ्यांसह. एक अक्षर गाळलेलं नाही. तपासून घे. कामात मी खोट ठेवत नाही.

आता माझं ऐक. मार्चमध्ये पहिली फ्लॉपी आली तेव्हा तूच लिहिलं होतंस, कोणताही एक क्रमांक उघडून बघ. मी कुठला उघडणार होते? आईनं कुठला उघडला असता? ४१०७. माझ्या मुलीचा, तिच्या नोंदणीच्या पावतीवरचा. तिथं लिहिलं होतं, 'बालपणी फिट्स येत. आईने स्वतः सांगितले आहे. विचारणाऱ्यास कल्पना द्यावी.'

चार वर्षांची होती ती, आम्ही तुझ्याकडे आलो होतो. एकशेपाच ताप होता. तुझ्या स्कूटरवर मागे बसून मी तिला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. तिथं बाकावर बसून मी तुझा हात धरला आणि सांगितलं, दादा, पोरीला तिसऱ्यांदा फिट आली. डॉक्टर म्हणाले तापामुळे येते, वय वाढलं की जाते. गेलीही. चोवीस वर्षांत पुन्हा आली नाही. ते तू लिहिलं नाहीस. मी तुला भाऊ म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तुझं केंद्र सुरूही झालं नव्हतं.

मग मी ४१०७ हा आकडा बाकीच्या शेऱ्यांत शोधला. अकरा ठिकाणी सापडला. अकराही मुलांपुढे तुझे दोन शब्द आहेत, 'कल्पना दिली.' वाईच्या मुलापुढे पाच शब्द जास्त आहेत. '४१०७ पसंत होती. कल्पना दिली. ओवी दाखवली. जमले.' जानेवारीत मला लिहितोस, घोडं कुठं अडतं ते मलाही कळत नाही! घोड्याचा लगाम तुझ्या हातात होता, चिंतामण.

तरी मी वाट बघितली. मे महिन्यात विचारलं, कबूल करायची संधी दिली. तू मला नियम शिकवलेस. काही लपवायचं नाही म्हणे. मग ५२१८ पुढे काय लिहिलं आहेस? 'साखरपुडा मोडलेला. वडिलांच्या विनंतीवरून सासरी कळू देऊ नये.' तिची झाकली मूठ तू सव्वा लाखाची ठेवलीस. अशा चाळीसजणी मोजल्या मी. परक्यांच्या मुलींसाठी तुझ्या काळजाला पाझर फुटतो, दगड फक्त माझ्या मुलीसाठी ठेवला होतास.

तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, फ्लॉप्या बंबात घालाव्यात. मग विचार केला, त्यानं काय होईल? तू नव्यानं नावं जमवशील, लोक पुन्हा तुझ्या पायरीशी येतील. म्हणून मी ते केलं नाही. ज्यांच्यावर तू वाईटसाईट शेरा लिहिलास ती तीनशे बारा नावं निवडली. पुण्याहून आलेले पत्ते जोडलेच होते. प्रत्येकाचा शेरा कागदावर छापला, वर लिहिलं, 'आपल्याविषयी गाठभेट केंद्राच्या दप्तरी चालकांनी असे लिहून ठेवले आहे.' खाली माझं नाव आणि पत्ता घातला, मला तोंड लपवायचं नाही. मुलीच्या नावानं पत्र घालायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून पाकिटावर कुटुंबप्रमुखास असं लिहिलं. काल सगळी टपालात पडली. त्यांच्या बापांना कळू दे, कुंपणानं शेत कसं खाल्लं ते. केंद्र तुझं अगदी होतं तसं उभं राहील. फक्त जिना कोणी चढणार नाही.

पंधरवडा उलटल्यावर मयूरीबद्दल बोलू म्हणतोस. पुष्कळ बोललास तिच्याबद्दल. आता नको. ती गणपतीला तुझ्याकडून आल्यापासून स्वतःशीच हसते. भाजी चिरताना हसते, वह्या तपासताना हसते. अठ्ठावीस वर्षांची मुलगी एकटीच हसायला लागली की आईच्या मनात काय काय येतं, ते तुला कळायचं नाही. तिचं डोकं फिरलं तर त्याचाही शेरा लिहून ठेव.

उमा

सांगली,
९ ऑक्टोबर १९९७

उमास,

फ्लॉप्या मिळाल्या. तपासल्या. एकही अक्षर गाळलेलं नाही, खरं आहे.

नव्या जागेची पाटी रंगवून आली होती, ती परत पाठवली. सोमवारी पायरीवर बारा-पंधरा माणसं उभी होती. एकानं माझ्या तोंडावर कागद फेकला. 'बावीस वर्षं हेच लिहीत बसला हुतास व्हय रं?' असं विचारलं मला, तेही ज्याच्या दोन मुलींची लग्नं मी जमवली त्यानं. तुला हवं होतं ते झालं. वाईचं म्हणशील तर ते पाप माझं. मला मुलगी होती आणि मुलगा चांगला होता. मी लिहिलं ते वाचून तुला काय वाटलं असेल, याचा मी विचारही केला नव्हता, कारण तू वाचशील असंच मला वाटलं नव्हतं. घरची माणसं आपलं कपाट उघडत नाहीत असं समजून चाललो. माफी मागत नाही. मागितली तरी तू देणार नाहीस आणि आता मलाही ती नको.

पण तुला एक ठाऊक नव्हतं. तू विचारलं असतंस तर मुकुलनंही सांगितलं असतं. पुण्यातले पत्ते नवे असतात. मुलीचं लग्न जमलं की तिच्या नावापुढचा माहेरचा पत्ता काढून मी सासरचा घालतो. पहिल्या संक्रांतीला केंद्राचं शुभेच्छांचं कार्ड सासरी जातं, सासू ते चारचौघींना दाखवते, त्यातून मला नवी नावं मिळतात. तू निवडलेल्या तीनशे बारांत लग्न झालेल्या एकशे नव्वद मुली आहेत. कुटुंबप्रमुखास म्हणून लिहिलेलं तुझं पाकीट त्यांच्या बापांनी नाही फोडलं, सासऱ्यांनी फोडलं.

५२१८ चंच सांगतो, तुझ्या तोंडात तिचाच क्रमांक होता म्हणून. ती इस्लामपूरला दिलेली. दिवस गेलेत तिला, पाचवा महिना आहे. शनिवारी सासऱ्यानं तिची पेटी अंगणात ठेवली आणि रविवारी दिरानं तिला कराडला माहेरी आणून सोडलं. साखरपुडा मोडला होता, हे तिच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. अशा आणखी तिघींची खबर माझ्यापर्यंत आलीय. बाकीच्यांची येईल.

आता त्या कराडच्या घराबद्दल. ५२१८ चा थोरला भाऊ देवदत्त. कारखान्यात केमिस्ट आहे, एकतीस वर्षांचा. त्याच्या वडिलांकडे मी फेब्रुवारीपासून जात होतो, मयूरीसाठी. तुझं जानेवारीचं पत्र, त्यातली ती बसची खिडकी, मला वाचवेना. सात खेटे घातले. फिटची गोष्ट तिथंही सांगितली, खोटं बोलत नाही, आणि पहिल्यांदाच मिरजेच्या डॉक्टरांचं म्हणणंही सांगितलं. गणपतीला मयूरी आमच्याकडे आली तेव्हा देवदत्त दर्शनाला म्हणून आला होता. दोघं गच्चीवर दीड तास बोलत बसली. देवदत्तच्या वडिलांचं पत्र अठरा सप्टेंबरला मला मिळालं. घरी होतं म्हणून आगीतून वाचलं. सोबत जोडलं आहे, पण तुझे डोळे पाणावले तर अक्षर दिसायचं नाही, म्हणून इथंही उतरवतो. 'मुलीला बालपणी तापात फिट येत असे हे आपण मोकळेपणाने सांगितलेत, हे आवडले. आमच्या देवदत्तलाही एकदा आली होती. मुलगी पसंत आहे. पंधरवडा संपल्यावर बोलणी करू.'

पितृपंधरवड्यात शुभ गोष्ट तोंडातून काढायची नाही, म्हणून मी तुला लिहिलं नाही. घटस्थापनेला सकाळी सातच्या बसनं पेढे घेऊन स्वतः येणार होतो. तुझं टपाल एकोणतीसला पडलं. घटस्थापना दोनला होती.

मंगळवारी कराडहून निरोप आला. आमच्या लेकीचा संसार ज्या बाईनं मोडला, तिच्या घरात मुलगा देणार नाही. तुझं नाव आणि पत्ता पाकिटात होताच.

मयूरीला होकार ठाऊक आहे. पंधरवडा असूनही राहवलं नाही, म्हणून मीच तिला शाळेत फोन करून कळवला होता आणि घटस्थापनेपर्यंत आईला सांगू नकोस असं बजावलं होतं. आधी ती गच्ची, मग हा होकार, म्हणून ती हसत होती. तिचं डोकं ठिकाणावर आहे.

घटस्थापना होऊन आठवडा झाला. मामानं काही कळवलं का, असं ती तुला आज-उद्या विचारेल. मी तिला काहीही कळवणार नाही. पाकिटं तू पाठवलीस, तेव्हा हेही तिला तूच सांग.

चिंतामण